आवाजाचा पल्ला

"ओ काका! काका, बाहेर नाही, बाहेर नाही! खुर्ची इथे आहे! अहो, इथे बसूनच ऐकायचं असतं!"

काळ्या कोटातले साहेब ओरडत होते. ज्या खोलीत तासाभरात कोणी शिंकलं नव्हतं, चहाचा कप बशीत टेकवतानाही माणसं बाळंतिणीच्या खोलीत शिरल्यासारखी वागत होती, त्या खोलीत साहेबांनी असा आवाज लावला की भिंतींना ठोकलेल्या गाद्याही दचकल्या असतील. माझा दादा मात्र दचकला नाही. त्यानं खांद्यावरचा पांढरा दुपट्टा सारखा केला आणि मऊ गालिच्यावर आपल्या धुळीच्या चपलांचे ठसे उमटवत तो सरळ दाराकडे चालू लागला. मागं, खोलीच्या मधोमध, राजाच्या सिंहासनासारखी ती एकुलती एक खुर्ची रिकामी पडली होती.

"जाऊ द्या साहेब," मी म्हणालो. "थो पल्ला घ्यायले चालला."

"काय घ्यायला?"

आता साहेबांना काय सांगावं? पल्ला समजून घ्यायचा तर माणसाला आमची सराई माहीत पाहिजे.

कडुलिंबाचा फुलोरा झडू लागला, पत्रे तडतडू लागले, की आमच्या अंगात सराई शिरते. लगनसराई. बाकीच्यांची सराई पत्रिकेत असते, आमची कानात. मी आणि माझा मोठा भाऊ सुखदेवदादा, आम्ही धामणगाव बढ्याचे भोंगेवाले. मशीनच्या पेटीवर मी स्वतः रंगवलं होतं, 'भाऊ-भाऊ साउंड सर्व्हिस', आणि रंग उरला म्हणून दोन्ही बाजूंना एकेक मोर काढला होता. मोर कोंबडीसारखा झाला, पण धंदा मोरासारखा चालला. भीमजयंतीपासून जे निघायचो ते मिरग लागेपर्यंत घरी फक्त कपडे बदलायला यायचो. आज बौद्धवाड्यातलं लग्न, उद्या पाटलांकडचं, परवा मलकापुरात एखाद्या शेठकडचं. भोंग्याला कोणी जात विचारली नाही. आम्हाला विचारून झाली की मग भोंगा लिंबावर चढवू द्यायचे, एवढंच.

आणि भोंगा चढला की पल्ला. म्हणजे आवाज कुठपर्यंत जातो ते पाहणं. आता ते शहाणे लोक मोबाइल धरून आकडे बघतात म्हणे. आमची रीत साधी. एक भाऊ मशीनपाशी, दुसरा चालत सुटायचा. मांडवातून, गल्लीतून, उकिरडे ओलांडून, पांदीनं, शेतात. मशीनपाशी मी रेकॉर्ड लावून उभा, आणि दादा लहान होत होत मुंगीएवढा. मग तिकडून त्याचा पांढरा दुपट्टा वर जायचा. दुपट्टा वर, म्हणजे शब्द न् शब्द येतो. दुपट्टा आडवा हलवला, म्हणजे आवाज येतो पण बोल कळत नाहीत. आणि दादा खाली बसला, म्हणजे आवाज सरला. मी इकडून हात वर करायचो, कळलं म्हणून, आणि मग तो परत यायचा. चालून चालून चेहरा तांब्याच्या घागरीसारखा झालेला.

बायाबापड्यांना वाटायचं मशीन बोलतं. मशीन कुठलं बोलतं! दादाचा दुपट्टा बोलायचा. यजमान विचारायचे, "भाऊ, वरच्या वस्तीवर ऐकू जाईन ना? थ्या लोकायले बलावलं नाही, त्यायले ऐकूच गेलं पाह्यजे." दादा म्हणाला 'जाते', तर जायचंच. 'नाही जात' म्हणाला तर जगातला कोणी मिस्त्री तो आवाज तिथं नेऊ शकत नव्हता. सुखदेवनं सांगितलं म्हणजे मोजून सांगितलं. गावात लोक माझ्या बोलण्यातून निम्मं कापून घेतात आणि उरलेल्या निम्म्याची दादाकडे खात्री करतात. आईच म्हणायची, "एकाच पोटातून दोन निघाले. एकानं सगळं खरं घेतलं, मंग दुसऱ्याले काय उरते?"

दादाचे कान कसे होते सांगू? कडब्याच्या गंजीवर तो उताणा पडलेला असायचा आणि तिकडे मलकापूरला गाडी लागली की सांगायचा, मालगाडी आहे. मी म्हणायचो, कशावरून? म्हणायचा, गार्ड खोकलून राह्यला. बरं, हे कापून घ्या. पण हे कापू नका: भरल्या मांडवात, पाचशे माणूस जेवत असताना, तो पाण्याच्या टाक्यापाशी उभा राहून मला खूण करायचा की डाव्या भोंग्याचा पडदा चिरला आहे. मी खाली उतरवून पाहायचो, तर केसाएवढी चीर.

सराया पुष्कळ झाल्या. पण मला एकच सराई आठवते, बाकीच्या तिच्यात मिसळून गेल्या. दादाच्या लग्नाची सराई.

त्या वर्षी आम्ही नवा भोंगा आणला होता. एवढा मोठा, की त्यात पाऊस साचला तर म्हशी पाणी पितील. ऊन असं, की भर दुपारी त्या भोंग्यावर वहिनीच्या माहेरच्यांनी पापड भाजला. मी पाहिलाय, खाल्लाही. लग्न नळगंगेच्या काठच्या एका गावात. मांडवाला जांभळीचे डहाळे, खाली शिंपडलेल्या पाण्याचा वास, बुंदीच्या कढईचा धूर, पोरांच्या अंगाला लावलेल्या सेंटचा वास, आणि या सगळ्यावर पसरलेला आपल्या भोंग्याचा आवाज. पांढरं स्वच्छ धोतर, पांढरा सदरा, नवा कोरा दुपट्टा, असा दादा नवरदेव होऊन बसलेला. शेजारी पांढऱ्या साडीत वहिनी, मान खाली. भंतेजी वंदना सुरू करणार, तेवढ्यात दादानं मान तिरकी केली. मला ती मान ओळखीची होती. मी डोळ्यांनीच म्हणालो, आज नको. तो उठला.

"काऊन बे, कुठी चालले नवरदेव?" वहिनीचा मामा ओरडला.

"आलोच," दादा म्हणाला. "आवाज फुटून राह्यला, पाहून येतो."

आणि निघाला! स्वतःच्या लग्नातून! मांडवातून, गल्लीतून, उकिरड्यावरून, नव्या कोऱ्या धोतराचा सोगा हातात धरून, नदीकडे. भंतेजी थांबले. वऱ्हाडी उठून उभे राहिले. वहिनीच्या आईनं डोळ्याला पदर लावला. तिला वाटलं पोरगी पसंत नाही. मी मशीनपाशी, अंगाला घाम, एका हातात आवाजाची चावी. तेव्हा वहिनीनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "तुमचे भाऊ वापस येतीन ना?"

"येतीन," मी म्हणालो. "आवाज सरला की येते थो."

मी चावी पाव फेरा मागं घेतली. नदीच्या पलीकडून, उन्हानं थरथरणाऱ्या हवेत, एक पांढरा ठिपका वर गेला. सगळ्या मांडवानं पाहिला. वहिनीनं पाहिला. मी तिचं हसू पाहिलं, आणि आजवर कोणाला सांगितलं नाही, पण त्या क्षणी मला वाटलं की माझ्या भावाचं लग्न तिथंच लागलं. पुढची वंदना म्हणजे फक्त पावती.

दादा म्हणायचा, "दुपारचा आवाज उन्हासंगं वर उडून जाते. दिवस कलला की थो जमिनीवर येऊन बसते, मंग गाईसारखा चालत घरोघरी जाते." अजूनही वैशाखात दिवस कलला, लांब कुठंतरी मांडवात शहनाई लागली, की मला तो गाईसारखा आवाज दिसतो. शिंगं डोलवत पांदीनं येणारा.

मग डीजे आले. भोंगे गेले. ट्रॅक्टरवर कपाटांएवढ्या पेट्या चढल्या आणि पल्ला घ्यायची गरजच राहिली नाही; आवाज कुठपर्यंत जातो हे विचारायचंच कशाला, छातीतून आरपार जातो हे कळायचं. आम्हीही पेट्या घेतल्या. पोट आहे. दादा रीत सोडेना. ट्रॅक्टरच्या पुढं, त्या कपाटांना तोंड देऊन, उलटा चालायचा. कुठं फुटतोय, कुठं कंप आहे, बघत. मी म्हणायचो, "दादा, मागं ये बे, कान जातीन." तो ऐकायचा नाही. आणि पुढं पुढं तो खरंच ऐकायचा नाही.

आधी आमच्या लक्षात आलं नाही. मग लग्नांतून तक्रारी यायला लागल्या, माइक शिटी मारते, आणि शिटी वाजत असताना दादा शांत उभा. बुलडाण्याच्या डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं. दादानं ते आठवडाभर लावलं आणि डबीत घालून ठेवलं. म्हणे नुसतं खरखरते. "मशीन खराब हाये बे. कान चांगले हायेत. एक डाव चांगलं मशीन ऐकू दे मले, मंग मी सांगतो कान गेले का मशीन."

हे त्याचं वाक्य मी उराशी धरलं. कारण दादा सांगेल ते खरं. तो म्हणाला कान गेले, तर गेले. तो म्हणाला आहेत, तर आहेत. डॉक्टरांचा कागद मला नको होता, मला त्याचा दुपट्टा पाहिजे होता.

आणि या सराईत, ज्यांच्या घरची सगळी लग्नं आम्ही वाजवली त्या मलकापूरच्या जिनिंगवाल्या शेठच्या मुलाचा फोन आला. त्याला आवाजाचा शौक. मुंबईचे कोणी व्यापारी हायवेवरच्या हॉटेलात जगातली भारी भारी मशिनं मांडून बसणार होते, शौकिनांना ऐकवायला. "परल्हादभाऊ, तुम्ही दोघं या. आवाजातली माणसं तुम्ही." मी दादाला हातवारे करून, ओठ फाडून सांगितलं. दादा लगेच उठला आणि दाढी केली.

काय मशिनं ती! माझ्यासारख्या फेकणाऱ्यालाही तिथं फेकायला जागा उरली नाही. माणसाएवढे उंच स्पीकर, अंगावर शिसवीचं लाकूड, पॉलिश असं की भांग पाडून घ्यावा. काचेचे वॉल्व्ह पेटलेले. आमच्या पहिल्या मशीनमध्येही होते, थंडीत आम्ही त्यावर हात शेकायचो. एका तबकडीला फिरायला संगमरवराचा चौथरा. आणि वायर! अजगरासारखी जाड, आणि ती जमिनीला टेकू नये म्हणून तिच्याखाली जागोजागी लाकडाचे छोटे पाट मांडलेले. मी साहेबांना म्हणालो, "आमच्याकडं नवरदेवाले एक पाट भेटते साहेब, तुमच्या वायरीले तं पंगत बसवली." साहेब हसले नाहीत. किंमत मी इथं लिहीत नाही. लिहिली तर म्हणाल, परल्या सुरू झाला.

पण खरी गंमत खुर्चीची. साहेबांनी समजावून सांगितलं की हा सगळा थाट त्या एका खुर्चीसाठी आहे. तिथं बसलेल्या माणसालाच सगळं जसंच्या तसं ऐकू येतं. खुर्ची वीतभर सरकली तरी फरक पडतो. मी विचारात पडलो. आयुष्यभर आम्ही पाच गावांना ऐकू जावं म्हणून जीव काढला, आणि इथं एवढा खर्च कशासाठी, तर एकाच माणसाला ऐकू यावं म्हणून. मग वाटलं, बरोबरच आहे की. मीही एकाच माणसासाठी आलो होतो.

दादाला खुर्चीवर बसवलं. साहेबांनी तबकडीवर काडी टेकवली. कोणी बाई गायला लागली, मागं नुसता तंबोरा. काय सांगू! तिनं श्वास घेतला तो माझ्या मानेवर लागला. ओठ मिटले ते कळलं. शेठच्या मुलाचे डोळे पाणावले. मी गाण्याकडे पाहत नव्हतो, दादाकडे पाहत होतो. दोन्ही तळहात गुडघ्यांवर, नजर समोर. चेहऱ्यावर काहीच नाही. दगडावर ऊन पडावं तसं त्याच्यावर गाणं पडत होतं. मग त्यानं हळूच इकडे तिकडे पाहिलं. सगळे डोलत होते. त्यानंही थोडी मान हलवली. ठेक्याला नव्हे, मधेच. मग त्यानं मान तिरकी केली, आणि उठला, आणि बाकीचं मी तुम्हाला सांगितलंच.

त्याच्यामागं दार आपोआप मिटलं. जाड, गादी लावलेलं दार. दादाला ते मिटल्याचं कळलं नाही. मी धावत खिडकीशी गेलो, काळा पडदा सारला. दुहेरी काच. बाहेर भर उन्हात दादा हॉटेलच्या आवारातून चालला होता, ताठ, त्या नदीकाठच्या गावात चालला होता तसाच. आवार संपलं. हायवे आला. त्यानं डावीकडे पाहिलं आणि पाऊल टाकलं. उजवीकडून ट्रक येत होता. मी काचेवर दोन्ही हात मारले, मी ओरडलो. ट्रक करकचून थांबला असणार, कारण मागं धूळ उठली. ड्रायव्हरनं अंग बाहेर काढून शिव्या दिल्या असणार, कारण त्याचं तोंड हलत होतं. मला काहीही ऐकू आलं नाही. माझ्यामागं बाई संथ गात होती. दादानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. तो रस्ता ओलांडून पलीकडच्या चहाच्या टपरीपाशी गेला, लिंबाखाली थांबला, हॉटेलकडे तोंड केलं.

आणि दुपट्टा वर केला.

शब्द न् शब्द येतो.

मी फेकाड्या माणूस आहे, पण मला अक्कल आहे. ज्या दारातून ट्रकचा हॉर्न आत येत नव्हता, त्या दारातून एका बाईचा श्वास बाहेर कसा जाणार? माझ्या भावानं आयुष्यात पहिल्यांदा खोटा पल्ला दिला होता. उन्हात उभा राहून, हात उंच करून, सगळ्या हायवेसमोर.

साहेब माझ्याशेजारी येऊन उभे राहिले होते. "ते काय करताहेत?"

"आवाज पोचला म्हणून सांगून राह्यले."

"पण काका, दार लावल्यावर बाहेर काहीच जात नाही. आम्ही मुद्दाम—"

"जाते, साहेब," मी म्हणालो. "तुमच्या मशीनचा पल्ला तुमालेच माहीत नाही."

साहेब भले माणूस. त्यांनी पडदा माझ्यासाठी आणखी बाजूला सारला. दादा दुपट्टा धरून उभाच होता. रीतच तशी, इकडून हात वर होईपर्यंत तो तसाच उभा राहणार. मी आजवर हजार थापा मारल्या असतील, हसत हसत मारल्या, पण तो हात वर करायला मला जेवढं बळ लागलं तेवढं भोंगा लिंबावर चढवतानाही कधी लागलं नाही. केला. दादानं दुपट्टा खाली घेतला. या वेळी रस्ता ओलांडायच्या आधी मी जाऊन त्याचा दंड धरला.

तो का खोटं बोलला, हे मी त्या दिवसापासून उलटंपालटं करून पाहतो. काचेतून माझा चेहरा दिसला असेल. सराई चालू आहे, पेट्या भाड्यानं जायच्या आहेत, आणि कान गेलेल्या माणसाला घेऊन कोण भोंगेवाला फिरतो, असं वाटलं असेल. किंवा खुर्चीवर बसल्यावरच त्याला कळलं असेल की मशीन चांगलं आहे, आणि ते वाक्य, कान गेले का मशीन, आता पुरं करावं लागणार. मग तो उठून लांब गेला असेल, कारण लांबून सांगणं सोपं असतं. मी ही गोष्ट लोकांना वेगळी सांगू शकलो असतो. सांगितलं असतं की त्या मशीनचा आवाज काच फोडून गेला, म्हाताऱ्याचे कान उघडले, टपरीवरची दुभती गाय नाचली. धामणगावात निम्म्या लोकांनी मानलंही असतं. पण अशी गोष्ट खरी करून द्यायला दादाची साक्ष लागते. आणि ती त्यानं आधीच देऊन टाकली होती.

एसटीत तो खिडकीशी बसला. आता त्याला आपला आवाज कळत नाही, म्हणून तो सगळ्या बसला ऐकू जाईल असा बोलतो. "भारी मशीन हाये बे परल्या! रस्त्याच्या पल्याडपर्यंत साफ येते!" कंडक्टरनं वळून पाहिलं. एक म्हातारी हसली. मी मान हलवत राहिलो. मोताळा मागं पडलं, शेतं उघडी पडलेली, कुठंतरी दूर मांडव दिसला, पिवळा, आणि दादानं मान तिरकी करून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मी विचारलं नाही. कोण गात होतं हेही विचारलं नाही, बाई का बुवा.

घरी वहिनी अंगणात खाटेवर शेवया वाळत घालत होती. दादा हातपाय धुवायला मागं गेला. मी बाजेच्या कडेला बसलो आणि सुरू झालो. काय खोली, काय खुर्ची, काय वायरीची पंगत! काय बाई गायली! आणि आपल्या दादानं काय केलं माहीत आहे का, भर हायवेच्या पलीकडं जाऊन उभा राहिला, आणि वहिनी, तुमची शपथ, शब्द न् शब्द ऐकला त्यानं. डॉक्टर गाढव आहे. कान सोन्यासारखे आहेत. माझा आवाज चढत गेला, हात नाचायला लागले, आणि मला स्वतःलाच थोडं थोडं खरं वाटायला लागलं.

वहिनीनं शेवयांची एक बट उचलली, सोडवली, उन्हाकडे सारली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"जवळ जाऊन खांद्याले हात लावा लागते," ती म्हणाली. "हाक मारनं म्या मागच्या सराईतच सोडलं, भाऊजी."